भाऊजी, तुमची वांगणी आम्ही कापून काढली

भाऊजी, तुम्ही हात का जोडलेत?

रडणं-बिडणं नंतर बघू, आधी मला ह्याचं उत्तर हवंय. अंबरनाथच्या भर रस्त्यात तुमच्या स्कूटरचं हँडल एका गाडीच्या आरशाला लागलं, तिघं खाली उतरले, आणि तुम्ही हेल्मेट काढून हात जोडून उभे राहिलात. हेल्मेट तरी कशाला काढायचं? समोरच्याशी बोलताना आपलं तोंड दिसलं पाहिजे म्हणून? एकाने मागून जाऊन तुमचे दंड धरले. दुसऱ्याने डिकीतून चाकाचा पाना काढला. तिसरा नुसता बघत उभा राहिला. पहिला घाव कानाच्या वर बसला, दुसऱ्याला तुम्ही खाली गेलात, आणि त्यानंतरचे कशासाठी मारले ते मारणाऱ्यालाही सांगता येणार नाही. समोरच्या टायरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय, फक्त आवाज नाही. ती क्लिप आता बदलापुरापासून उल्हासनगरापर्यंत ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे आहे.

मी कात्रपच्या लॅबमध्ये रोज सकाळी लोकांच्या दंडाला पट्टी बांधून रक्त काढते. रक्ताची मला भीती नाही, किळस तर नाहीच. पण त्या क्लिपमध्ये तुमच्या डोक्याखाली जे पसरत गेलं ते पाहिलं आणि मनात आलं, त्या धरणाऱ्याला असाच खुर्चीत बांधावा, मोठी सुई घालावी आणि नळी उघडी सोडून समोर बसून राहावं. हे मी घरात कुणाजवळ बोललेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला माझ्याबद्दल ह्याहून वाईट गोष्टी माहीत आहेत. एका पुजाऱ्याला मी त्याच्याच देवळात कुऱ्हाडीने उभा चिरला होता, का, तर मला त्याचे बूट आवडले. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात.

लग्न होऊन बेलवलीच्या ह्या घरात आले तेव्हा तुम्ही मला गुंडच वाटला होतात. वरच्या पत्र्याच्या खोलीतून दुपारभर तलवारी आपटल्याचे आवाज, घोडे, किंकाळ्या. आई म्हणायच्या, "वर जाऊ नको गं, तो लढाया करतो." मी चहा द्यायच्या निमित्ताने वर आले आणि बघते तर काय, लढाई कुठेतरी डोंगरापलीकडे चाललेली, आणि तुमचा माणूस नदीकाठी वाकून कसली तरी पानं खुडतोय! "वहिनी, बस," म्हणालात. "फक्त घोडा चालव. काय होत नाही." मी घोडा चालवला, पहिल्याच वळणावर एका म्हाताऱ्याला तुडवला आणि खदखदून हसले. तुम्ही कपाळाला हात लावलात. "दादाने घरात राक्षशीण आणलीय," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा खेळ सुरू करून ठेवलात.

तुमची अंबरनाथच्या कंपनीत संध्याकाळची पाळी, माझी लॅब सकाळची. मधली दुपार आपली. तुमचा दादा खडीचा टेम्पो घेऊन बाहेर, आई खाली झोपलेल्या, आणि दीर-भावजय वरती पत्र्याखाली घामाघूम होऊन राक्षस मारतायत. शेजारणींनी कुजबुज केली तेव्हा आईंनीच त्यांना गप्प केलं होतं: "वर येऊन बघा की. तो पानं तोडतो नि ती माणसं तोडते."

तुमचा तो कॉम्प्युटर म्हणजे उल्हासनगरची देणगी. दर रविवारी जाऊन तिथल्या गल्लीतून एकेक जुना भाग आणायचात. दुकानदार सांगायचा, "साईं, चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक," आणि तुम्ही तेवढ्या भरवशावर खूश. येताना दाल-पकवानचं पार्सल. डाळ वाटेतच पिशवीत सांडलेली असायची, मग तुम्ही नुसतं पकवान, ती कडक तळलेली पुरी, मोडून खायचात. कीबोर्डात अजून त्याचा चुरा आहे, उलटा करून झटकला की पडतो. अंबरनाथला ते घडलं त्या दिवशीही रविवार होता.

आणि तुमची मतं! बापरे. सख्ख्या मामाशी कधी चार वाक्यं बोलला नसाल, पण वाटेल तिथे हिंडता येणाऱ्या त्या ओपन वर्ल्ड गेमचा विषय निघाला की तुम्हाला कुणी आवरायचं? ज्या गेमच्या नकाशावर गोवर उठल्यासारखे ठिपके असतात तो गेम नव्हे, ती कंपनीतली ड्यूटी, हे पहिलं मत. ह्या ठिपक्यावर जा, ते आण, त्या ठिपक्यावर दे. बटण दाबून एका गावाहून दुसऱ्या गावाला उडी मारणाऱ्यांना तर तुम्ही माणसात धरत नव्हतात. "चालत जा ना," म्हणायचात. "गाव मोठं आहे की छोटं ते पायांना कळतं." मी म्हणायचे, भाऊजी, मला दुपारचे दोन तास मिळतात, त्यात चालू का मारू? जो दरोडेखोर सुरुवातीला फाटक्या चामड्यात असतो तोच पुढे आपण तगडे झालो की सोन्याचं चिलखत घालून चार नाण्यांसाठी अडवतो, ह्याचा तुम्हाला इतका राग, की एकदा तुम्ही त्या दरोडेखोरालाच समजावत बसलात, "अरे ते चिलखत विक ना गाढवा." संवादात चार उत्तरं देतात आणि चारही उत्तरांनी तीच गोष्ट होते, ही शुद्ध फसवणूक. जग बुडायला आलेलं असतं, पण तुम्ही मध, बुरशी, शिंपले गोळा करत महिनाभर हिंडा, ते तुमच्यासाठी थांबतं. मला हे हास्यास्पद वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "कुठेतरी थांबू दे ना वहिनी, कंपनी तर थांबत नाही."

पण तुमचं सगळ्यात आवडतं मत वेगळं होतं, आणि आपलं खरं भांडण त्याच्यावरूनच. ज्या गेममध्ये कथेतली महत्त्वाची माणसं मरतच नाहीत, कितीही वार करा गुडघ्यावर बसतात आणि परत उठतात, तो गेम तुमच्या मते भित्रा. कुणालाही मारता आलं पाहिजे. राजाला, पोराला, दुकानदाराला, सगळ्यांना. आणि मेलेला परत उठता कामा नये. मी म्हटलं, वा, आलात माझ्या वाटेवर! तर म्हणालात, "मारता येत असून मारलं नाही, तरच मी काहीतरी केलं ना? मारताच येत नसेल तर माझा चांगुलपणा फुकटचा." म्हणून तो नदीकाठचा गेम तुम्हाला इतका आवडला. त्यात सगळे मरतात आणि मेलेले मेलेलेच राहतात. त्यातल्या गावाचं नाव दोघांनाही उच्चारता येईना, बदलापूरपुढच्या वांगणीसारखं डोंगराच्या कुशीत होतं म्हणून आपण त्याला वांगणी म्हणायला लागलो. वांगणीत तुम्ही घर घेतलंत. होडीवाला, पाववाला, पहाऱ्यावरचा तो लंगडा शिपाई, सगळ्यांना तुम्ही ओळखायचात. खानावळवालीला मावशी म्हणायचात. ती इंग्रजीत एकच वाक्य बोलायची आणि तुम्ही मला ते मराठी करून सांगायचात, "थकलास ना? बस." गेम बंद करायच्या आधी रोज तिच्याकडे जाऊन बसायचात, वेड्यासारखे. मला वांगणीत यायला बंदी होती.

आणि सुडाच्या कामगिऱ्या तुम्ही घ्यायचा नाहीत. एकसुद्धा नाही. "लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही की तो पहिल्या दहा मिनिटांत तुमची आई मारतो," म्हणायचात. "घर जाळतो, भाऊ कापतो, आणि मग शंभर तास तुम्ही कापत सुटा, तुम्हाला सगळं माफ. ह्याच्याइतकं आळशी काही नाही." कुणी रडत आला, माझ्या भावाला मारणाऱ्याचं डोकं आणून दे म्हणाला, की तुम्ही 'नको' ह्या उत्तरावर बोट ठेवायचात. मी तुमच्यावर ओरडायचे. अहो, त्या माणसाचा भाऊ मेलाय! त्याला काय पानं खुडून देणार? नुसता 'नको' म्हणून घोड्यावर बसता, लाज नाही वाटत? एकदा तर मी चिडून कंट्रोलर आपटला आणि त्याची एक बाजू फुटली. तुम्ही शांतपणे चिकटपट्टी लावत म्हणालात, "ज्याचं डोकं आणायचं त्याला पण भाऊ असेल ना वहिनी. मग तो माझ्याकडे येणार. मी किती डोकी वाहू?" मी म्हणाले, सगळी. तुम्ही हसलात आणि कंपनीच्या बसला उशीर झाला म्हणून जिन्यावरून धावत उतरलात. ते भांडण तिथेच राहिलं.

आता ऐका, तुमच्या मागे काय झालं ते.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर पिंडं ठेवली आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. मामा पाण्यात उभे राहून म्हणाले, "बोला रं कुनीतरी, काय राहिलं आसंल त्याचं? कावला उगाच नाय बसून राहत." आई म्हणाल्या, "मंग्या, ये रं बाबा, मी औषध टायमावर घेईन, ये." नाही आला. तुमचा कंपनीतला दोस्त म्हणाला, "मंग्या, तुझा गेम पुरा करू आम्ही," तेव्हा दोघं-तिघं नको त्या वेळी हसले. तरी नाही. मला मात्र माहीत होतं. मी आदल्या दिवशी उल्हासनगरला जाऊन पकवान आणलं होतं, पदरात बांधून. पान सरळ करायच्या निमित्ताने मी पुढे झाले, एक तुकडा मोडून भातावर ठेवला आणि मागे सरले. अगदी त्याच वेळी तुमचा दादा पुढे आला. पाय चिखलात, डोळे लाल. ओरडला, "मंग्या, ऐक! तुला धरणारा नि तुला मारणारा, दोघांतला एक पन जिता ठेवणार नाय! तुझी शपथ!"

आणि कावळा आला. झप्पकन आला, पानावर बसला.

सगळ्या काठावरून एकच आवाज उठला. बायका हुंदके द्यायला लागल्या. मामांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घेतला त्यानी तुझा शबूद." भाऊजी, मी पुढे होते, मी पाहिलं. कावळ्याने भाताला चोचही लावली नाही. पकवानाचा तुकडा उचलला आणि उडाला. पण हे बघायला कुणाला सवड होती? त्या क्षणापासून गावाच्या हिशेबी तुम्ही खून मागितलात आणि तुमच्या भावाने तो कबूल केला. आता तो मागे फिरला असता तर मेलेल्याला दिलेला शब्द मोडला असता, आणि आपल्याकडे जिवंत माणसाला दिलेला मोडतात, मेलेल्याला दिलेला नाही.

मी तिथेच ओरडून सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. नाही सांगितलं. का सांगू? मलाही तेच हवं होतं.

तेराव्याच्या जेवणात दूरचा एक पाहुणा म्हणाला, चूक काय दोन्हीकडून असते. तुमच्या दादाने हातातली पळी त्याच्या तोंडावर अशी हाणली की त्याचा दात वरणात पडला. कुणी दादाला धरलं नाही. मी वरण बदलून आणलं. त्यानंतर दादाने कोयता धार लावून आणला आणि टेम्पोच्या सीटखाली ठेवला. टेम्पोवर जायचा बंद झाला, नुसता उंबऱ्यावर बसून क्लिप बघायचा. बोटाने मागे घ्यायचा, परत बघायचा. कुठल्या सेकंदाला काय होतं ते त्याला पाठ झालं होतं, तरी बघायचा. आई हळूहळू बोलायच्या बंद झाल्या. त्यांना सगळं दिसत होतं. एके दिवशी पीठ मळता मळता म्हणाल्या, "एक गेला. दुसरा जेलात जाईल. मंग मी कुनाच्या खांद्यावर जाऊ?" मला तो धरणारा मेलेला हवा होता आणि माझा नवरा घरात हवा होता. दोन्ही एकदम मिळत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

मग धरणाऱ्याला जामीन मिळाला. पाना मारणारा आतच आहे, त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे बघा, ज्याने मारलं तो वाचला, आणि ज्याचं घर अंबरनाथला सापडलं त्याची पाळी आली. तुम्ही असतात तर ह्यावर तासभर बोलला असतात. जायचं ठरवलं त्या दिवशी दादा सकाळपासून शांत होता. आंघोळ केली, देवाला दिवा लावला, आईंच्या पाया पडला. दुपारी वर खोलीत आला तुमचं काळं जॅकेट घ्यायला. ते घालूनच जायचं होतं त्याला.

मी वरच होते. तुमचा गेम लावून नुसती बसले होते. तुमचा माणूस वांगणीच्या चौकात उभा होता, मावशीकडून उठून तुम्ही ठेवलात तसाच. माझा तो खेळायचा धीर होत नव्हता. दादा दारात उभा राहून बघायला लागला. इतक्या वर्षांत तो कधी वर आला नव्हता. म्हणाला, "हेच करायचा काय तो दिवसभर?"

"हो."

"काय असतं ह्यात?"

मी त्याच्या हातात कंट्रोलर दिला. चिकटपट्टी लावलेला. आधी त्याला चालता येईना, तुमचा माणूस भिंतीवर डोकं आपटत राहिला. मी म्हटलं, हे दाबलं की वार, दाबून धरलं की मोठा वार. पाववाला समोरून येत होता. दादाने दाबून धरलं.

भाऊजी, पाववाल्याचं मुंडकं उडून पावांच्या टोपलीत पडलं. दादा एकदम हसला. दहाव्यानंतर पहिल्यांदा हसला. मग लंगडा शिपाई धावत आला, त्याला गुडघ्यातून कापला. होडीवाला पळायला लागला, तर मी ओरडले, "डावीकडे! पळतोय तो, सोडू नका!" दादाने त्याला पाण्यात गाठला, पाणी लाल झालं. एका घरात शिरला, जेवायला बसलेल्या नवरा-बायकोला ताटावरच मारलं. मी उठून उभी राहिले होते. "मारा! अजून मारा! त्याला बघा, त्या कोपऱ्यातल्याला!" आमच्या दोघांच्या अंगातून घाम निथळत होता. तुमच्या त्या माणसाचे हात कोपरापर्यंत लाल झाले, तोंडावर शिंतोडे उडाले, आणि चेहरा मात्र तुम्ही बनवलेला, आईंच्या नाकाचा, तुमच्या हनुवटीचा. तुमच्या तोंडाने आम्ही तुमचं गाव कापत होतो. फुलं विकणारी गेली. विहिरीवरची गेली. कुत्रा गेला. लोहार भट्टीत ढकलला, तो बराच वेळ किंचाळत राहिला. आणि मला छान वाटत होतं, भाऊजी. उगाच खोटं कशाला बोलू? आंघोळ केल्यासारखं वाटत होतं.

शेवटी खानावळ राहिली. दादाने दार लाथेने उघडलं. मावशी आतमध्ये होती. त्याने एक वार केला, ती अर्धी चिरली गेली, आणि गुडघ्यावर बसून तिने हात जोडले. त्या गेममध्ये जखमी माणसं तसं करतात. खाली अक्षरं आली. आधीच्यांच्याही आली होती, आम्हीच वाचायला थांबलो नव्हतो.

दादाचं बोट बटणावर तसंच राहिलं. मला वाटलं आता दाबतो, मग दाबतो. पडद्यावर मावशी हात जोडून हलत होती.

"काय बोलते ही?" त्याने विचारलं.

"मला जाऊ दे, म्हणते."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "क्लिपमध्ये आवाज नाय. मंग्याचं तोंड हलतंय, पन आवाज नाय. मी शंभरदा बघितलं गं. काय बोलला आसंल तो?"

म्हणजे तो त्यासाठी बघत होता! मला वाटायचं राग पेटता ठेवायला बघतो. तो तुमचे ओठ वाचत होता, भाऊजी. मी खाली बसले. मला तुमचे ओठ वाचायची गरज नव्हती. मी दुपारभर तुमच्या शेजारी बसलेली बाई आहे, तुम्ही वाटेत भेटलेल्या लुटारूलाही काय म्हणायचात ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "भाई, सॉरी, गलती झाली. आरसा भरून देतो. हेच म्हणाला असेल. दुसरं काही येत नव्हतं त्याला."

दादाच्या तोंडातून जो आवाज आला तो मी कुठल्या गेममध्ये ऐकलेला नाही. कंट्रोलर त्याच्या हातातून पडला. आणि मग मी सांगितलं. पकवान आणल्याचं, पदरात बांधल्याचं, भातावर ठेवल्याचं, कावळ्याने तेवढंच नेल्याचं, सगळं.

त्याने माझा दंड असा आवळला की वळ उठले. "खोटं बोलतेस. मी जाऊ नये म्हणून बोलतेस."

"मी जा म्हणून गप्प बसले होते," मी म्हणाले. "आता खरं बोलतेय. तुमचा शब्द त्याने घेतलेला नाही. त्याने असलं काम आयुष्यात कधी घेतलं नाही. आम्ही रोज भांडायचो ह्याच्यावरून."

"मंग तो कशाला आला?"

"खायला आला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता मला मारेल, आणि मारलं असतं तरी मी हलले नसते. मग त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला. "पकवान," म्हणाला. "भडवा. मेल्यावर पन पकवान." आणि तुमच्या गादीवर आडवा पडून, तुमचं जॅकेट तोंडावर घेऊन असा रडला की खालून आई धडपडत जिना चढून आल्या. त्या त्याच्या डोक्यापाशी बसल्या. मी गेम तसाच सोडून खाली गेले, टेम्पोच्या सीटखालचा कोयता काढला आणि मोरीत नेऊन दगडावर आपटत राहिले, त्याची धार पार जाईपर्यंत. हात सोलून निघाले. मला कुणाचा तरी जीव घ्यायचा होता आणि समोर फक्त लोखंड होतं.

तुमची वांगणी राहिली नाही. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, तुम्हीच तसला गेम निवडला होतात. मावशी वाचली. आता सगळीकडे प्रेतं पडलीयत, आणि ती मधोमध उभी राहून अजून तेच एक वाक्य म्हणते, थकलास ना? बस. मी एकदा जाऊन बसले तिच्याजवळ. फार वेळ बसवलं नाही.

तुमचं मत मला पटलंय असं मुळीच समजू नका. 'नको' म्हणून घोड्यावर बसणं तुम्हाला सोपं होतं, कारण त्या रडणाऱ्या माणसाच्या घरात तुम्ही राहत नव्हतात. मी राहते. रोज सकाळी लॅबमध्ये पट्टी आवळताना धरणाऱ्याचा दंड डोळ्यांपुढे येतो. गेममध्ये मिळालेले सगळे गुण तुम्ही कुऱ्हाडीऐवजी बोलण्याच्या कलेवर खर्च केलेत, गोड बोलून दरोडेखोर परतवायचात, आणि खऱ्या रस्त्यावर त्याने काडीचा फरक पडला नाही. माझ्यासारखी कुऱ्हाड घेतली असतीत, निदान पळाला असतात, तर आज माझ्यासमोर बसून मला राक्षशीण म्हणाला असतात. तुमच्यावर माझा इतका राग आहे की फोटोला हार घालताना मी तुमच्याकडे बघत नाही. आणि ह्या घरात मला कुणी हसायला शिकवलं असेल तर ते तुम्ही, हेही खरंच आहे. हे तुम्ही असताना सांगितलं नाही, दिराला असं कुणी सांगतं का?

परवा कोर्टात तारीख होती. तो धरणारा आमच्या समोरून गेला. पोरगेला आहे, मिशी नीट फुटलेली नाही, शर्ट नवा घातला होता. त्याच्या मागून त्याचा भाऊ चालत होता, पाण्याची बाटली घेऊन. दादाच्या हाताच्या अंतरावरून दोघं गेले. दादाने दोन्ही हात खिशात घातले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या पोराचा श्वास चाललेला मला ऐकू येत होता. तो जिवंत आहे, भाऊजी, तो जेवतो, झोपतो, नवा शर्ट घालतो, आणि मला आजही तो मेलेला हवा आहे.

संध्याकाळी दादा घरी आला. हात-पाय धुऊन पाटावर बसला. आईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि तो जेवला.